हाकेस ओ देणारी विद्या : गुग्लिएल्मो मार्कोनी यांचे चरित्र

संकट कोणाचेही असो, त्याचे निवारण होण्यास दोन गोष्टींची आवश्यकता असते. संकटात सापडलेल्याची हाक दूरवर पोहोचली पाहिजे, ही पहिली. आणि ती ऐकणारा मनुष्य त्या घटकेस जागा असला पाहिजे, ही दुसरी. पहिली गोष्ट विद्येने साध्य होते, दुसरी कर्तव्यनिष्ठेने. या दोहोंचा संयोग मनुष्यजातीस कसा लाभला, हे ज्यांच्या चरित्रावरून उत्तम प्रकारे कळून येते, त्या गुग्लिएल्मो मार्कोनी यांची हकीकत आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहो.

इटली देशातील या पुरुषाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधण्यास कसबा पेठेबाहेर जावयास नको. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपतीचे देऊळ, तांबट आळीतील हातोड्यांचा नाद, कुंभारवाडा, फडके हौद आणि पेठेच्या कडेस उभा असलेला शनिवारवाडा, ही तिची ओळख सर्वांस आहे. येथील जुने वाडे लाकडी खांबांचे व तुळयांचे, गल्ल्या अरुंद, एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीस लागलेली. अशा वस्तीत अग्नीचे भय कायमचेच. इ. स. १८२८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २७ तारखेस शनिवारवाड्यास आग लागली व ती कित्येक दिवस धुमसत राहिली. पेशव्यांचे ते वैभव जळून गेले. मागे उरली ती दगडी जोती, तट व दरवाजे. त्या काळी आग लागली म्हणजे ओरडणे, धावत जाऊन शेजाऱ्यांस उठविणे व पाण्याच्या घागरी वाहणे, इतकेच सामान्य मनुष्याच्या हाती होते. हाक जितकी दूर जाईल, तितक्याच अंतरावरून मदत येई.

सांप्रत तशीच आपत्ती ओढवली तर घरातील कोणीतरी दूरध्वनीवर १०१ हा क्रमांक लावतो. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात बसलेला मनुष्य पत्ता विचारून घेतो, वेळ टिपतो आणि जवळच्या केंद्रातून बंब रवाना करवितो. असे एक केंद्र कसबा पेठेतही आहे. बंब एकदा रस्त्यास लागला म्हणजे त्यास कोणतीही तार जोडलेली नसते. तरीही चालत्या गाडीतील जवानांशी नियंत्रण कक्षाचे बोलणे चालू असते. अमुक गल्लीत वाट अडली आहे, पलीकडच्या बाजूने जावे. वरच्या मजल्यावर माणसे अडकली आहेत, शिडी हाताशी ठेवावी. पाणी अपुरे पडत आहे, दुसरी गाडी धाडावी. असे सारे निरोप आकाशमार्गे जातात व येतात. हे ज्या साधनाने घडते ते बिनतारी यंत्र प्रयोगशाळेतून बाहेर काढून लोकांच्या उपयोगास लावण्याचे श्रेय प्राधान्याने मार्कोनी यांजकडे जाते.

मार्कोनी यांचा जन्म इ. स. १८७४ च्या एप्रिल महिन्याच्या २५ तारखेस बोलोन्या शहरी झाला. वडील जुझेप्पे हे सधन जमीनदार होते. आई ॲनी या आयर्लंडमधील जेमसन नावाच्या मद्यव्यापारी घराण्यातील. आईच्या सहवासाने या मुलास इंग्रजी भाषा लहानपणीच अवगत झाली व पुढे तिचा त्यास फार उपयोग झाला. शाळेतील ठराविक अभ्यासात तो विशेष चमकला नाही, आणि विश्वविद्यालयाची पदवीही त्याने कधी मिळविली नाही. परंतु विजेच्या प्रयोगांचा त्यास विलक्षण नाद होता. लिव्होर्नो येथे व्हिन्चेन्झो रोझा नावाच्या शिक्षकांनी त्यास या शास्त्राचे पाठ दिले. पुढे बोलोन्याचे प्रख्यात प्राध्यापक ऑगुस्तो रीगी यांनी, तो आपला रीतसर विद्यार्थी नसतानाही, त्यास आपल्या विद्येचा लाभ घेऊ दिला. जिज्ञासू मुलास दार उघडून देणारा गुरू भेटणे हे केवढे भाग्य, याचे हे उदाहरण होय.

त्या काळच्या विद्युत्शास्त्राची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश पंडिताने इ. स. १८६५ च्या सुमारास गणिताच्या बळावर असे दाखवून दिले होते की, विजेच्या व चुंबकाच्या शक्तीची लहर प्रकाशाच्याच वेगाने अवकाशातून प्रवास करीत असली पाहिजे. पुढे सुमारे वीस वर्षांनी हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विजेची ठिणगी पाडून अशा लहरी प्रत्यक्ष उत्पन्न केल्या व खोलीच्या दुसऱ्या टोकास त्या ओळखून दाखविल्या. हर्ट्झ इ. स. १८९४ च्या जानेवारी महिन्यात, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी वारला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वीस वर्षांचा मार्कोनी डोंगरावर हवापालटास गेला असता हर्ट्झच्या कार्याविषयीचा एक लेख त्याच्या वाचनात आला. या लहरींनी तारायंत्राचे काम का करू नये, हा विचार त्याच्या मनात शिरला तो कायमचाच.

तारायंत्राने संदेश धाडावयाचा तर खांब रोवून तार ओढावी लागते. समुद्रातील जहाजास किंवा धावत्या गाडीस तार कशी बांधणार? म्हणजे जेथे संकट अधिक, तेथेच निरोपाचे साधन नाही, अशी त्या काळची स्थिती होती. ही उणीव भरून काढण्याचा ध्यास घेऊन तो तरुण पोन्तेक्यो येथील आपल्या वाडवडिलार्जित घरी परतला. घराच्या माळ्यावर, जेथे पूर्वी रेशमाचे किडे पाळीत असत, तेथे त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. वडिलांस हा उद्योग प्रथम वायफळ वाटे. आईचा मात्र त्यावर विश्वास होता. ठिणगी पाडणारे यंत्र एका टोकास, आणि धातूचा कीस भरलेली काचेची नळी दुसऱ्या टोकास, अशी त्याची मांडणी होती. लहर येऊन आदळली म्हणजे नळीतील कीस एकमेकांस चिकटे व त्यातून वीज वाहू लागे. ही नळी फ्रान्समधील ब्रांली व इंग्लंडमधील लॉज यांच्या परिश्रमांचे फळ होती. मार्कोनीने तीत सुधारणा केली, आणि यंत्राचे एक टोक उंच खांबावरील तारेस व दुसरे जमिनीस जोडून पाहिले. त्याबरोबर लहरी कितीतरी दूर पोहोचू लागल्या.

इ. स. १८९५ साली त्याने ग्रहण करणारे यंत्र घरासमोरील टेकडीच्या पलीकडे, सुमारे दोन किलोमीटर अंतरावर ठेवविले. टेकडी मध्ये असल्यामुळे तेथील मनुष्य दिसणे शक्य नव्हते. म्हणून संदेश पोहोचल्यास बंदुकीचा बार काढावा, असे ठरले होते. मार्कोनीने कळ दाबली आणि टेकडीपलीकडून बार ऐकू आला. हाक गेली व तिला ओ आली. बिनतारी विद्येच्या जन्माचा हाच क्षण समजण्याचा प्रघात आहे.

मायदेशी या शोधास आश्रय मिळाला नाही, म्हणून इ. स. १८९६ मध्ये आईस बरोबर घेऊन मार्कोनी इंग्लंडास गेले. बंदरावरील जकातीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची अपरिचित यंत्रे हाताळताना मोडून टाकली. ती पुन्हा जुळवावी लागली. जून महिन्यात त्यांनी आपल्या शोधाच्या पेटंटासाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी या बावीस वर्षांच्या परदेशी तरुणाची योग्यता ओळखून त्यास साहाय्य केले. पुढील वर्षी ब्रिस्टलच्या खाडीवरून, पाण्यापलीकडे सुमारे सहा किलोमीटर अंतरावर संदेश पोहोचला. त्याच वर्षी मार्कोनी यांची कंपनी स्थापन झाली.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोठा शोध हा बहुधा एकट्याचा नसतो. आपल्याच देशात जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यास, मार्कोनी विलायतेस जाण्यापूर्वीच, भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजविली होती व बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती. लहरी ओळखण्यासाठी पाऱ्याचा उपयोग करणारे त्यांचे साधन इ. स. १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी मार्कोनी यांनी वापरलेले एक साधन त्याच जातीचे होते. रशियात पोपोव्ह, इंग्लंडात लॉज, अमेरिकेत टेस्ला यांनीही या मार्गावर मोठी मजल मारली होती. बसू यांस धनाची व पेटंटाची आसक्ती नव्हती. निसर्गाचे रहस्य कळावे एवढाच त्यांचा हेतू. मार्कोनी यांची दृष्टी प्रथमपासून उपयोगावर होती. दोघांच्या प्रकृती भिन्न. दोघांचेही ऋण आपणांवर आहे. योगायोग असा की, हे दोघेही इ. स. १९३७ याच वर्षी निवर्तले.

बिनतारी यंत्राने मनुष्याचे प्राण कसे वाचू शकतात, हे जगास लवकरच कळून आले. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यालगत गुडविन नावाची वाळूची दांडी आहे. तिच्यावर आदळून असंख्य जहाजे बुडाली आहेत. तेथे नांगरून ठेवलेल्या दीपनौकेवर मार्कोनी यांचे यंत्र बसविण्यात आले होते. इ. स. १८९९ च्या मार्च महिन्यात एल्ब नावाचे जहाज त्या वाळूत रुतले. दीपनौकेने ते वर्तमान तत्काळ किनाऱ्यावरील दीपगृहास कळविले आणि तेथून रॅम्सगेटच्या जीवरक्षक नौकेस बोलावणे गेले. पुढच्याच महिन्यात एका जहाजाने खुद्द त्या दीपनौकेसच धडक दिली, तेव्हा तिने स्वतःसाठी मदत मागितली. या साध्या घटनेत आजच्या नियंत्रण कक्षाची सर्व अंगे दिसून येतात: संकट पाहणारा एक, त्याची वार्ता घेणारा दुसरा, आणि आज्ञा मिळताच निघण्यास सज्ज असलेला तिसरा.

यंत्रांची संख्या वाढू लागली तशी एक नवी अडचण उभी राहिली. सर्वांचे संदेश एकाच वेळी निघत, एकमेकांत मिसळत व कोणाचेच नीट कळेना. मंडईत सर्वांनी एकदम ओरडावे, तसा तो प्रकार होई. यावर उपाय म्हणून इ. स. १९०० मध्ये मार्कोनी यांनी लहरींचा मेळ साधण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. त्याचा क्रमांक ७७७७ असल्याने ते इतिहासात प्रसिद्ध आहे. सतारीची एक तार छेडली असता तिच्याशी स्वरात मिळालेली तरफेची तारच कंप पावते, इतर स्तब्ध राहतात. त्याचप्रमाणे धाडणारे व घेणारे यंत्र एकाच कंपनसंख्येवर जुळविले म्हणजे त्या दोहोंतच बोलणे होते. आज पोलिसांची कंपनसंख्या निराळी, अग्निशमन दलाची निराळी, विमानांची निराळी असते, त्याचे मूळ या तत्त्वात आहे. भारतात या कंपनसंख्या वाटून देण्याचे काम केंद्र सरकारचे दिल्ली येथील खाते करते, म्हणजे एकाच्या हाकेने दुसऱ्याची हाक दबून जाऊ नये.

इ. स. १९०१ च्या डिसेंबर महिन्याच्या १२ तारखेस मार्कोनी न्यूफाउंडलंड बेटावरील एका टेकडीवर सोसाट्याच्या वाऱ्यात बसले होते. पतंगाच्या दोरीऐवजी तार बांधून त्यांनी तो उंच चढविला होता. अटलांटिक महासागराच्या पलीकडे, इंग्लंडातील पोल्ढू येथून, ठरल्याप्रमाणे तीन टिंबांचा एकच संकेत पुन्हा पुन्हा धाडण्यात येत होता. तो आपणांस ऐकू आला, असे त्यांनी जाहीर केले. अंतर २,००० मैलांहून अधिक होते. पृथ्वी गोल असताना लहर वळून कशी येईल, असे मोठमोठे पंडित म्हणत. आणि त्या दिवशीच्या श्रवणाविषयी कित्येक अभ्यासक आजही शंका घेतात. मार्कोनी यांनी वाद घालीत बसण्यापेक्षा पुढील फेब्रुवारीत जहाजातून प्रवास करीत, वाटेत आलेले संकेत कागदाच्या पट्टीवर यंत्राकडूनच उमटवून घेतले. शंकेस पुराव्याने उत्तर द्यावे, हा शास्त्राचा दंडक आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

इ. स. १९०९ च्या जानेवारीत रिपब्लिक नावाच्या प्रवासी जहाजास धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसली. जॅक बिन्स या तरुण बिनतारी कारकुनाने मोडक्या खोलीत, थंडीत कुडकुडत, तासन् तास संदेश धाडून मदत मिळविली व बहुतेक सर्व उतारू वाचले. त्याच वर्षी मार्कोनी यांस जर्मनीचे कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी मार्कोनी यांचे वय केवळ ३५ वर्षांचे होते.

परंतु या विद्येची खरी परीक्षा पुढेच होती. इ. स. १९१२ च्या एप्रिल महिन्याच्या १४ तारखेच्या रात्री टायटॅनिक हे अजस्र जहाज हिमनगावर आदळले. त्यावरील जॅक फिलिप्स व हॅरोल्ड ब्राइड हे दोघे बिनतारी कारकून मार्कोनी कंपनीचे नोकर होते. त्या संध्याकाळी उतारूंच्या खाजगी निरोपांची इतकी गर्दी झाली होती की, जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने दिलेली बर्फाची सूचना पुरती ऐकूनही घेतली गेली नाही. त्यानंतर थोड्याच वेळाने कॅलिफोर्नियनवरील एकुलता एक कारकून दिवसभराचे काम आटोपून, यंत्र बंद करून झोपी गेला. मध्यरात्री टायटॅनिकने आर्त हाका मारल्या, तेव्हा सर्वांत जवळ असलेले ते जहाज बहिरे झाले होते. कैक मैल दूर असलेल्या कार्पेथिया जहाजावरील हॅरोल्ड कॉटम हाही निजण्याच्याच तयारीत होता. परंतु त्याच्या कानावरील यंत्र अद्याप उतरलेले नव्हते, म्हणून त्यास हाक ऐकू आली. कार्पेथिया पहाटे तेथे पोहोचली व तिने ७०० हून अधिक जीव वाचविले. सुमारे १,५०० माणसे त्यापूर्वीच समुद्राच्या उदरात गेली होती. फिलिप्स अखेरच्या क्षणापर्यंत यंत्रापाशी बसून राहिला व त्यातच त्याचा अंत झाला.

वाचकहो, या प्रसंगाचा नीट विचार करावा. यंत्र दोन्ही जहाजांवर होते आणि ते उत्तम चालत होते. कॅलिफोर्नियनच्या कारकुनाने कोणताही नियम मोडला नव्हता, कारण रात्रभर जागण्याचा नियमच त्या काळी नव्हता. उणीव होती ती व्यवस्थेची. जगाने हा धडा प्राणांचे मोल देऊन शिकला. इ. स. १९१४ मध्ये लंडन येथे अनेक राष्ट्रांची परिषद भरली, आणि ठराविक वर्गांच्या जहाजांवर अहोरात्र पाळीपाळीने बिनतारी यंत्र ऐकत राहावे, असा नियम तीत ठरला. संकटाच्या संदेशास इतर सर्व संदेशांहून अग्रक्रम द्यावा, हेही तत्त्व दृढ झाले. आजच्या पोलीस व अग्निशमन नियंत्रण कक्षांत रात्रंदिवस पाळ्या बदलतात व दिवा कधी मालवत नाही, त्याचे कारण हेच.

मार्कोनी यांच्यावर व्यक्तिशः आपत्ती आली तीही टायटॅनिक बुडाले त्याच वर्षी, म्हणजे इ. स. १९१२ मध्ये. इटलीत मोटारीच्या अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला. तथापि त्यांचा उद्योग थांबला नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी एलेत्रा नावाची नौका विकत घेऊन तिलाच आपली तरती प्रयोगशाळा बनविले. आजवर लांबच लांब लहरी व प्रचंड यंत्रे यांचाच उपयोग होत असे. तो मार्ग सोडून, आखूड लहरी आरशाने प्रकाश वळवावा तशा एकाच दिशेस वळविल्यास थोड्या शक्तीत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास पोहोचतात, हे त्यांनी व त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी दाखवून दिले.

याच पद्धतीचा पुण्याशी निकट संबंध आहे. ब्रिटिश सरकारने आपल्या साम्राज्यातील देश या साधनाने जोडण्याचे ठरविले, तेव्हा हिंदुस्थानासाठी संदेश धाडण्याचे केंद्र खडकी येथे व घेण्याचे केंद्र दौंड येथे उभारण्यात आले. इ. स. १९२७ च्या सप्टेंबर महिन्यात ही सेवा सुरू झाली. ज्या खडकीस कसबा पेठेतून पायी जाता येते, तेथून मार्कोनी यांच्या पद्धतीने निघालेली लहर क्षणार्धात इंग्लंडास पोहोचू लागली. इ. स. १९४७ मध्ये ही परदेशी दळणवळणाची सेवा भारत सरकारने आपल्या ताब्यात घेतली.

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याचे दोष झाकून ठेवणे हे सत्यास धरून होत नाही. मार्कोनी इ. स. १९२३ मध्ये मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाले. त्या राजवटीने त्यांस मोठी पदे दिली, आणि इ. स. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर स्वारी केली तेव्हा त्यांनी तिचे समर्थन केले. बुडत्यांची हाक जगास ऐकविणाऱ्या या पुरुषास त्या दुर्बळ राष्ट्राची हाक ऐकू आली नाही, याचे दुःख वाटते. बुद्धी तीव्र असली म्हणून विवेक सदैव जागा असतोच असे नाही, हा बोध येथून घ्यावा.

मार्कोनी यांच्या हयातीतच बिनतारी यंत्र समुद्रावरून शहराच्या रस्त्यांवर उतरले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या पोलिसांनी इ. स. १९२३ मध्ये गस्तीच्या मोटारीत असे यंत्र बसविले. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पोलिसांनी इ. स. १९२८ मध्ये मोटारींस मनुष्यवाणीने हुकूम देण्यास आरंभ केला. प्रथम गाडीतील शिपायास केवळ ऐकता येई, उत्तर देता येत नसे, इ. स. १९३३ मध्ये बेयॉन या अमेरिकन गावी दुतर्फा संभाषण सुरू झाले. लंडन शहरी इ. स. १९३५ मध्ये एका घरास आग लागून पाच स्त्रिया मृत्यू पावल्या. शेजारच्या गृहस्थाने दूरध्वनी केला होता. परंतु इतर सामान्य बोलावण्यांच्या रांगेत त्याचीही हाक ताटकळत राहिली. त्यावरून इ. स. १९३७ च्या जून महिन्याच्या ३० तारखेस तेथे ९९९ हा संकटाचा स्वतंत्र क्रमांक सुरू करण्यात आला. त्यानंतर वीस दिवसांनी, २० जुलै रोजी, मार्कोनी रोम शहरी हृदयविकाराने मृत्यू पावले. वय ६३ वर्षांचे होते. त्यांच्या सन्मानार्थ अनेक देशांतील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

आता आपल्या शहरातील व्यवस्थेकडे वळू. शहरातील पोलीस व अग्निशमन दले सामान्यतः सुमारे दोन मीटर किंवा त्याहून आखूड लांबीच्या लहरी वापरतात. त्या बव्हंशी सरळ रेषेत जातात. टेकड्या व उंच इमारती त्यांस अडथळा करतात. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात हातातील लहान यंत्राचा आवाज पलीकडे पोहोचणे कठीण. म्हणून उंच जागी रिपीटर नावाचे यंत्र ठेवतात. ते एका कंपनसंख्येवर क्षीण आवाज ऐकते व त्याच क्षणी दुसऱ्या कंपनसंख्येवर तो बळकट करून सर्वत्र पसरविते. नियंत्रण कक्षात मोठे यंत्र, गाडीत मध्यम, जवानाच्या खांद्यावर वॉकी-टॉकी, अशी ही उतरंड असते. कळ दाबली म्हणजे बोलावयाचे, सोडली म्हणजे ऐकावयाचे. एका वेळी एकानेच बोलावयाचे. प्रत्येक गाडीस ठराविक खुणेचे नाव असते, निरोप थोडक्यात द्यावयाचा असतो, व ऐकणाऱ्याने तो पोहोचल्याची पोच द्यावयाची असते. शहराची वीज गेली तरी हाक थांबू नये, म्हणून बॅटरी व जनित्र यांची तजवीज ठेवावी लागते. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्य ठाणेही पुण्यातच, पाषाण रस्त्यावर आहे.

या व्यवस्थेची किंमत पुणेकरांस निराळी समजावून सांगावयास नको. इ. स. १९६१ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस पानशेतचे धरण फुटले. त्यामागोमाग खडकवासल्याचेही फुटले. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले व कसबा पेठेचा नदीकडील भागही त्यात सापडला. पहिले धरण फुटल्यापासून शहर पाण्याखाली जाईपर्यंत काही तासांचा अवधी होता. परंतु तेवढ्या अवधीत खात्रीची वार्ता घरोघरी पोहोचली नाही. हाक मारण्याची विद्या तेव्हा जगात साठ वर्षांची जुनी झाली होती. कोणी कोणास कळवावे व त्याने पुढे काय करावे, याची घडी बसलेली नसेल, तर विद्या असून नसल्यासारखीच, हे त्या दिवसाने शिकविले.

महाराष्ट्रात इ. स. २०२१ पासून पोलिसांच्या व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक सुरू झाला असून, राज्यभरातील अशा हाका नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत घेतल्या जातात व तेथून जवळच्या गाडीस निरोप जातो. यंत्रे पालटली, मार्कोनी यांची ठिणगी व धातूच्या किसाची नळी आता संग्रहालयांत गेली. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

आमच्या विद्यार्थ्यांस शेवटी एवढेच सांगावयाचे की, या साखळीचा पहिला दुवा तुम्ही आहा. संकटप्रसंगी क्रमांक लावाल तेव्हा घाबरून न जाता प्रथम स्थळ सांगा: पेठ, गल्ली, जवळचे देऊळ किंवा चौक. मग काय घडले व किती माणसे अडकली आहेत, ते सांगा. आणि पलीकडचा मनुष्य निरोप पुरता घेईपर्यंत दूरध्वनी ठेवू नका. गंमत म्हणून हे क्रमांक कधीही लावू नका; तुमच्या थट्टेच्या त्या घटकेत कोणा खऱ्या दुःखिताची हाक रांगेत ताटकळत असेल. पालकांनी हे क्रमांक व आपल्या घराचा नेमका पत्ता मुलांकडून पाठ करून घ्यावा. आणि रात्री-अपरात्री बंबाची घंटा ऐकू आली, तर ज्या कोणा अनाम मनुष्याने जागे राहून ती हाक ऐकली, त्याचे मनोमन आभार मानावेत. मार्कोनी यांनी हाकेस पंख दिले. तिला ओ देण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीने जागे राहूनच करावयाचे आहे.